चूक माझी की साहेबांची, हेच आता कळेनासं झालंय

वाचकाचं पत्र

मी ३८ वर्षांची आहे. नाशिकमध्ये एका खासगी बँकेच्या शाखेत गृहकर्जाचं काम बघते, अकरा वर्षं झाली. आठ महिन्यांपूर्वी नवीन शाखाधिकारी आले आणि माझी साडेसाती सुरू झाली. रोज सव्वानऊच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझी फाइल उघडायची आणि ‘अकरा वर्षं नुसत्या खुर्च्या गरम केल्या’ म्हणायचं. रात्री दहाला व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेलचा फोटो येतो, त्यात माझी ओळ लाल केलेली. ‘जमत नसेल तर घरी बसून पोळ्या लाटा’ हे चार वेळा ऐकून झालं. २५ तारखेला टार्गेट वाढवतात. नवीन योजनेचं सर्क्युलर सगळ्यांना जातं, मला जात नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. रविवारी दुपारी जेवण झालं की छातीत धडधड सुरू होते. सोमवारी स्कूटर लावून दहा मिनिटं पार्किंगमध्येच उभी राहते. गेल्या महिन्यात एका सँक्शन लेटरवर, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रावर, व्याजदर ८.६० ऐवजी ८.०६ टाकला. काम पुन्हा तपासणाऱ्या चेकरने पकडलं म्हणून वाचले. आता वाटतं, साहेब म्हणतात ते खरंच असेल. नवरा म्हणतो, सगळीकडे असंच असतं, मनावर घेऊ नकोस. घराचा हप्ता ३१ हजार आहे. मी कमकुवत आहे का? तक्रार करू की राजीनामा देऊ?

ता. क. नऊ वर्षांची मुलगी रोज विचारते, ‘आई, तू माझ्यावर चिडलीस का?’ तिला काय सांगू?

उत्तर

नमस्कार. आधी ८.०६ या आकड्याकडे बघू. तुम्ही तो स्वतःविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलाय, आणि आम्हाला तो नेमका उलट दिसतो.

चुका दोन जातींच्या असतात. एक काम न येण्याची आणि दुसरी लक्ष तुटण्याची. काम न येणारा माणूस तीच चूक तशीच पुन्हा पुन्हा करतो. इंडेक्स टू (मालमत्तेच्या नोंदणीचा उतारा) वाचता येत नसेल तर तो प्रत्येक फाइलला चुकतो. लक्ष तुटण्याची चूक विखुरलेली असते: आज आकडा उलटला, परवा एखादी जोडपत्रिका राहिली, तेरवा मेल लिहून पाठवायचाच राहिला. तुम्ही कर्जाची पात्रता काढायला विसरला आहात का? टायटल सर्च रिपोर्टमधली, म्हणजे मालकी तपासणीच्या अहवालातली, खोट दिसत नाही का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. आठ-सहा-शून्य टाइप करताना अंक जागचे हलले, एवढंच झालंय. हातातला आकडा दोन सेकंद डोक्यात धरून ठेवायला मेंदूत फार थोडी जागा असते. त्यातली अर्धी जागा केबिनचं दार वाजतंय का, हे ऐकण्यात अडकली आणि वर पहाटे तीनपासूनचं जागरण असलं, की असे अंक उलटतातच.

इथून एक चक्र सुरू होतं. पाणउताऱ्याने झोप जाते, झोप गेली की चुका होतात, आणि चूक झाली की साहेबांच्या हातात आयतं कोलीत मिळतं. पुढचा पाणउतारा मग कारणासकट होतो. सहा-आठ महिन्यांत माणसाची स्वतःच्या कामाची पारखच जाते. चांगलं झालेलं काम दिसेनासं होतं आणि झालेली चूक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. रडू, धडधड, चिडचिड हे त्रास निदान दिसतात तरी. पारख गेलेली दिसत नाही, म्हणून छळाच्या परिणामांत आम्ही ती सगळ्यात घातक मानतो. त्या अवस्थेत घेतलेला कुठलाही मोठा निर्णय दुसऱ्याच्या मोजपट्टीने घेतलेला असतो. म्हणून ‘तक्रार की राजीनामा’ हा तुमचा प्रश्न आम्ही शेवटी घेणार आहोत.

याला छळ म्हणायचं का? साहेब नुसते कडक आहेत असंही असू शकतं, म्हणून कसोटी लावून बघू. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्याची मोजपट्टी साधी होती: एकाच माणसाला लक्ष्य करणारं वागणं, आठवड्यातून किमान एकदा, किमान सहा महिने. तुमच्याकडे हे रोजचं आहे आणि आठवा महिना चालू आहे. नंतर नॉर्वेतल्या स्टोले आयनार्सन यांच्या गटाने २२ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात ओरडणं, अपमान करणं आहेच. पण लागणारी माहिती दडवणं, पूर्ण होणार नाही असं काम देणं, सतत चुका उगाळणं हेही त्याच यादीत बसतं. तुमचं सर्क्युलर आणि २५ तारखेचं टार्गेट तिथे मोडतं. कडक साहेब कामाबद्दल बोलतो, सगळ्यांना एकच नियम लावतो, आणि काय केलं की त्याचं समाधान होईल हे ठाऊक असतं. टार्गेट पूर्ण व्हायच्या बेतात आलं की खांबच पुढे सरकवायचा, हा कडकपणा नव्हे.

पोळ्यांचं वाक्य ऐकणाऱ्यालाही खटकतं, म्हणून त्यात निदान कोणीतरी साक्षीला असतं. सर्क्युलर न मिळण्याला कोणी साक्षी नसतो. ‘अहो, राहून गेलं असेल’ म्हटलं की विषय संपला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. गुपचूप चालणारा छळ माणसाला जास्त पोखरतो, कारण सांगायला गेलं तर आपणच संशयी ठरतो.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बँकांमध्ये विक्रीचा दबाव सगळीकडे आहे. जून २०२३ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेचा अधिकारी ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर ओरडत असल्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि बँकेला त्याला निलंबित करावं लागलं. तुमच्या साहेबांनाही झोनल ऑफिसकडून रोज असंच ऐकावं लागत असणार. त्याने त्यांचं वागणं समजतं, पण तुमच्या छातीतली धडधड कमी होत नाही. उन्हाळा सगळ्यांनाच असतो, म्हणून कोणी उष्माघाताला ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणत नाही.

कमकुवत असण्याबद्दल: रविवार दुपारची धडधड म्हणजे शरीराने सोमवार सकाळ पाठ केली आहे. धोका येण्याआधीच ते तयारीला लागतं, ॲड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, पोट बिघडतं. ही यंत्रणा प्रत्येकात असते. तुमची आठ महिने बंदच झालेली नाही, एवढाच फरक.

तरीही सगळं मनावर ढकलू नका. आधी फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन बीपी, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तरी अशीच धडधड होते, झोप उडते, हात थरथरतात. रक्त कमी असलं तरी छातीत धडधडतं. या तपासण्या एका सकाळी उरकतात.

त्याच भेटीत पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली मागून घ्या. नऊ प्रश्न असतात, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दल: कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, आणि नववा, मरून जावंसं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटणं. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचच्या खाली काळजी नको. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, १५ च्या वर गेले तर त्याच आठवड्यात घ्या. नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज बघत बसू नका. त्याच दिवशी घरच्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे. चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रश्नावलीने निदान होत नाही, ते डॉक्टर करतात. पण ‘काहीतरी होतंय’ याला एक आकडा मिळतो, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भरली की फरक दिसतो.

आता उपचार. मानसोपचारतज्ज्ञ एमडी झालेला डॉक्टर असतो, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी पद्धत अशा त्रासाला उपयोगी पडते. साधारण आठ ते बारा बैठका, प्रत्येकी पाऊण ते एक तास. औषध दिलं तर बहुधा एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं असेल. त्याचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा उलट अस्वस्थता वाढू शकते. इथेच बरेचजण ‘मला सोसलं नाही’ म्हणून गोळी बंद करतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना फोन करा, स्वतः थांबवू नका. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवायची असते आणि हळूहळू कमी करायची असते. झोपेची गोळी ही वेगळी गोष्ट. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांची दोन-चार आठवड्यांपलीकडे सवय लागते. शेजारच्या काकूंच्या पाकिटातली अर्धी गोळी घेणं तर अजिबात नको.

ऑफिसला कळेल ही भीती असेल, तर तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बंधनकारक आहे. रजेच्या प्रमाणपत्रात आजाराचं नाव नको असेल तर तसं आधीच सांगून ठेवा. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. मात्र बहुतेक पॉलिसींमध्ये दवाखान्यात दाखल झाल्यावरचाच खर्च मिळतो, ओपीडीचा नाही, तेव्हा बैठकांचे पैसे खिशातून धरा. बँकेने कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची हेल्पलाइन ठेवली असेल तर ती वापरायला हरकत नाही. पहिल्याच फोनला ‘बँकेला नेमकी कोणती माहिती जाते?’ एवढं विचारून घ्या.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत रात्रीचं बघू. तो ग्रुप म्यूट करा आणि सकाळी पावणेनऊला एकदाच उघडा. ‘निरोप चुकला’ असं म्हणायची सोय राहू नये म्हणून साहेबांना दोन ओळींचा मेल टाका: ‘रात्री आठनंतर व्हॉट्सॲप बघणं होत नाही. तातडीचं असल्यास कृपया फोन करावा.’ चारचौघांत टोमणा मारणारा माणूस फोन सहसा करत नाही, कारण फोनवर प्रेक्षक नसतात. दुपारी दोननंतर चहा नको. संध्याकाळी सातच्या सुमारास उद्याची कामं कागदावर उतरवा, म्हणजे पहाटे तीनला डोकं ती मोजत बसणार नाही. तीनला जाग आलीच तर घड्याळ आणि फोन दोन्ही बघू नका. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. आणि रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ तीच ठेवा. रविवारी दहापर्यंत लोळलात तर रविवारची रात्र हमखास बिघडते.

आता वही. दोनशे पानी, साधी, घरी ठेवायची. प्रत्येक प्रसंगाला चार ओळी: तारीख-वेळ-जागा, नेमके शब्द, जसेच्या तसे, हजर कोण होतं, त्यामुळे कामाचं काय झालं. चोवीस तासांच्या आत लिहा, नंतर शब्द बदलतात. ‘साहेब फार वाईट बोलले’ ही नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘मंगळवार, ९.२०, मीटिंग रूम. “जमत नसेल तर घरी बसून पोळ्या लाटा.” हजर: सहाजण (नावं). विषय: लॉगिन (दाखल केलेले कर्जाचे अर्ज) कमी. माझे लॉगिन ७, शाखेची सरासरी ६.’ ही नोंद. शेवटची ओळ नीट बघा. वहीच्या मागच्या पानांवर रोज झालेलं काम लिहायचं: किती फाइल लॉगिन, किती सँक्शन, किती डिस्बर्समेंट (कर्जवाटप), चेकरने किती परत पाठवल्या. तुमची गेलेली पारख या मागच्या पानांनी परत येते. महिन्याभराने ‘मी कामात कमी पडते’ हे वाक्य डोक्यात आलं की ते आकड्यांशी ताडून बघता येईल. कधी खरंच कमी पडला असाल तर तेही दिसेल, आणि मग ती कामाची अडचण असेल, चारित्र्याची नाही.

एक चूक लोक हमखास करतात आणि ती महागात पडते. पुरावा म्हणून ऑफिसचे मेल, ग्राहकांच्या फाइली, एमआयएस शीट (कामाच्या आकड्यांचे तक्ते) स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. बँकेत हा माहिती बाहेर नेण्याचा गुन्हा धरतात, आणि मग छळाची चौकशी बाजूला राहून तुमचीच सुरू होते. वहीत ग्राहकाचं नाव किंवा खातं क्रमांक लिहू नका, नुसते आकडे लिहा. मेल असेल तर त्याची तारीख, वेळ आणि विषय टिपून ठेवा. मूळ मेल बँकेच्या सर्व्हरवर असतो आणि चौकशीत मागवता येतो. व्हॉट्सॲपचं वेगळं: तुमच्या फोनवर तुम्हाला आलेला अपमानाचा मेसेज तुम्ही ठेवू शकता. नाव, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो फोन विकू नका. उद्या न्यायालयात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन कामाला येतो. लाल ओळीच्या फोटोत ग्राहकांची नावं असतील तर ती झाका.

रेकॉर्डिंग करावं का, हे प्रत्येकजण विचारतो. स्वतः हजर असलेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण पुराव्यात घेता येतं, ही भूमिका आपल्याकडे आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालापासून चालत आली आहे. पण बऱ्याच कंपन्यांच्या आचारसंहितेत कार्यालयात रेकॉर्डिंगला मनाई असते, आणि तेवढ्या कारणावरून कारवाई होऊ शकते. आमचं मत असं: वही आणि मेल यांनी भागत असेल तर रेकॉर्डिंगच्या फंदात पडू नका. आणि काहीही झालं तरी ती क्लिप मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. व्हायरल झाली की विषय तुमच्या हातातून जातो आणि वर बदनामीचा खटला लागू शकतो.

तोंडी हुकुमांना कागदावर आणण्यासाठी मेल. २५ तारखेला टार्गेट वाढलं की त्याच दुपारी:

‘सर, आज सकाळच्या बोलण्यानुसार या महिन्याचं माझं लॉगिनचं उद्दिष्ट १२ वरून १६ करण्यात आलं आहे. उरलेले कामाचे दिवस ४ आहेत. सध्या हातात असलेल्या ९ फाइलींपैकी कोणत्या आधी घ्यायच्या ते कळवावं. नवीन योजनेचं सर्क्युलर मला मिळालेलं नाही, ते पाठवावं ही विनंती.’

यात तक्रार नाही, विशेषण नाही, रडगाणं नाही. उत्तर आलं तर काम सोपं झालं, नाही आलं तर तीन महिन्यांत असे सहा-सात अनुत्तरित मेल जमतात आणि ते कुठल्याही भाषणापेक्षा मोठ्याने बोलतात.

मीटिंगमध्ये उलट उत्तर देऊ नका, आणि गप्पही बसू नका. एकच वाक्य पाठ करून ठेवा: ‘नेमकी कोणती नोंद चुकली ते सांगा सर, सहापर्यंत दुरुस्त करून देते.’ आवाज चढवायचा नाही. श्वास चार आकड्यांत घ्या, सहात सोडा, मग बोला. पहिल्या तीन-चार वेळा आवाज कापेल. कापू दे.

सहा आठवडे झाले, झोप थोडी सुधारली, वहीत पंधरा-वीस नोंदी झाल्या, की मग तक्रार. एचआर कंपनीचं असतं, तुमचं नाही, हे धरूनच लिहा. कंपनीला काय धोका आहे हे दिसलं तर ते हलतात. अर्ज दीड पानाच्या वर नको. सगळं लिहू नका, सगळ्यात पक्के पाच-सहा प्रसंग घ्या, त्यातले निदान दोन लेखी पुराव्याचे. ‘साहेब हुकूमशहा आहेत’ हे काढून टाका, शब्द आणि तारखा राहू द्या. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, ‘वैद्यकीय उपचार घ्यावे लागत आहेत’ पुरे. आणि शेवटी मागणी. बहुतेक अर्ज इथेच फसतात, ‘योग्य ती कारवाई व्हावी’ लिहून लोक मोकळे होतात. काय हवं ते लिहा: माझं रिपोर्टिंग क्लस्टर क्रेडिट मॅनेजरकडे (अनेक शाखांची कर्जं बघणारा अधिकारी) द्यावं; यंदाचं मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याने करावं; वैयक्तिक आकडे ग्रुपवर टाकणं थांबवावं; हे जमत नसेल तर शहरातल्या शहरात बदली. पोच घ्या, पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. उत्तर नाही आलं तर पुढची पायरी: शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ खाली व्हिजिल यंत्रणा, म्हणजे गैरप्रकार कळवायची सोय, ठेवावीच लागते, आणि गरज पडली तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. कर्जासोबत बळजबरीने विमा गळ्यात मारायला सांगत असतील तर ती तक्रार वेगळ्या कागदावर करा. एकत्र केलीत तर दोन्ही पातळ होतात.

कायद्याचं थोडक्यात. स्वीडनने कामावरच्या छळाविरुद्ध १९९३ मध्ये नियम केले, फ्रान्सने २००२ मध्ये कायदा. भारतात फक्त या विषयासाठी असा कायदा नाही. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. तुमचं पोळ्यांचं वाक्य त्यात बसेल का? बाईपणावरून अपमान आहे खरा, पण त्या कायद्याला लैंगिक स्वरूपाचं वर्तन लागतं, त्यामुळे नुसत्या या वाक्यावर समिती हात झटकू शकते. याखेरीज स्पर्श, सूचक बोलणं, अवेळी खासगी मेसेज असं काही पत्रात लिहायचं टाळलं असेल तर चित्र बदलतं, आणि तीन महिन्यांचं घड्याळ चालू आहे हे लक्षात ठेवा. जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीच्या असाल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. धमकी दिली असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१. वकिलाकडे एकदा वही घेऊन जा, एका तासाच्या फीमध्ये बराच गुंता सुटतो.

राजीनामा देणं म्हणजे पळून जाणं नव्हे. सहा महिन्यांत काही हललं नाही तर आम्हीही तोच सांगू. फक्त रात्री दहानंतर आणि मीटिंगनंतरच्या तासात तो लिहायचा नाही. आधी हिशोब करा: हप्ता ३१ हजार आणि घरखर्च मिळून, यजमानांचा पगार वजा जाता, सहा महिन्यांची तूट किती, तेवढे पैसे बाजूला आहेत का. पाच वर्षं झाल्यामुळे ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. तिच्यासाठी धरला जाणारा पगार समजा ३०,००० असेल तर ३०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ११ वर्षं, म्हणजे सुमारे १,९०,००० रुपये. नोटीस ६० दिवसांची की ९० ची ते नेमणूकपत्रात बघा, कारण तेवढे दिवस त्याच केबिनसमोर काढायचे आहेत. शिल्लक रजा त्यासाठी राखून ठेवा. बँकेचा समूह आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधी घ्या आणि अर्जात उपचार चालू असल्याचं लपवू नका, नाहीतर दावा करायच्या वेळी तेच अंगलट येतं. पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहायची पद्धत आहे. तसं लिहिलंत की पुढे छळामुळे सोडलं असं म्हणायला जागा उरत नाही. ‘अमुक तारखांच्या मेलमध्ये मांडलेल्या प्रश्नांवर तोडगा न निघाल्याने राजीनामा देत आहे’ एवढी एक ओळ पुरते. नव्या मुलाखतीत मात्र साहेबांचं नाव काढू नका. अकरा वर्षं एकाच ठिकाणी झाली, क्रेडिटमध्ये पुढे जायचंय, हे उत्तर खोटं नाही.

यजमानांना एक काम द्या. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं तुम्ही बोलणार, त्यांनी फक्त ऐकायचं. उपाय सांगायचा नाही, साहेबांची बाजू मांडायची नाही. वीस मिनिटं झाली की विषय बंद, मग भाजी काय आणायची यावर बोला. वही त्यांना वाचायला द्या. ‘सगळीकडे असंच असतं’ हे वाक्य तारखांची रांग बघितल्यावर बहुधा पुन्हा निघत नाही.

आणि मुलगी. मुलांना कारण कळलं नाही की ती स्वतःलाच कारण ठरवतात, म्हणून तिचा प्रश्न ‘काही नाही गं’ म्हणून उडवू नका. सांगा: ‘मी तुझ्यावर चिडलेली नाही. ऑफिसात एकजण माझ्याशी नीट बोलत नाहीत, त्याचा मला त्रास होतो. मी डॉक्टरांकडे जातेय.’ हप्ता, राजीनामा, साहेबांचे शब्द यातलं काही तिला नको. आणि सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये जातात तशी दहा मिनिटं संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येही घ्या, हेल्मेट काढून, फोन पर्समध्ये ठेवून. मुलगी गॅलरीतून बघत असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, स्कूटर खाली लागली की आई दहा मिनिटांनी वर येते.